शाफ्टचं माप घ्यायचं ते होडीवरून
होडीच्या मागे लावायच्या इंजिनाबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर भाटघर आणि नीरेवर देवघर, तर वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, आंबीवर पानशेत आणि मोसे नदीवर वरसगाव. या धरणांचा फुगवटा डोंगरांच्या खोऱ्यांत दूरवर शिरलेला आहे. समोरचा काठ डोळ्यांना दिसतो, पण रस्त्याने जायचं तर अख्ख्या फुगवट्याला वळसा. अशा ठिकाणी वल्ह्याच्या होडीला इंजिन बसवायचा विचार कुणाच्याही मनात येतो. खरेदी करताना किंमत विचारली जाते, हॉर्सपॉवर विचारली जाते, पेट्रोल किती खातं हेही विचारलं जातं. शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून खाली पाण्यातल्या पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याची लांबी मात्र सहसा कुणी विचारत नाही. काठापासून दूर, भरल्या होडीत तीच गोष्ट अडवते.

गैरसमज १ : धरण खोल आहे, तेव्हा शाफ्ट लांबच हवा.

वस्तुस्थिती : पाण्याच्या खोलीचा आणि शाफ्टच्या लांबीचा संबंध नाही. पंख्याला होडीच्या तळालगत, हवा न मिसळलेलं पाणी मिळालं की पुरे. त्याच्याखाली १० फूट पाणी असो की १००, ढकलण्याच्या जोरात फरक पडत नाही. लांबी ठरते ती इंजिन जिथे अडकवतो त्या मागच्या फळीच्या उंचीवरून. बाजारात साधारण तीन मापं मिळतात : आखूड १५ इंच, लांब २० इंच आणि जास्त लांब २५ इंच. सेंटिमीटरमध्ये सांगायचं तर सुमारे ३८, ५१ आणि ६४. फळी १५ इंचांच्या आसपास असेल तर आखूड शाफ्ट, २० इंचांच्या आसपास असेल तर लांब.

गैरसमज २ : शाफ्टची लांबी पंख्यापर्यंत मोजायची.

वस्तुस्थिती : इंजिनाचा ब्रॅकेट फळीवर जिथे टेकतो, तिथून टेप खाली सोडा. पंख्याच्या लगेच वर एक आडवी चपटी पट्टी असते. तिथपर्यंतचं अंतर म्हणजे शाफ्टचं माप. पंख्यावरची हवा अडवायचं काम ही पट्टी करते. आता होडीची फळी मोजा : बरोबर मध्यावर, वरच्या कडेपासून तळाच्या पातळीपर्यंत, उभ्या रेषेत. फळी बहुधा बाहेरच्या बाजूला कललेली असते. तिला चिकटवून टेप धरला तर माप सेंटिमीटरभर जास्त भरतं. इंजिन बसवल्यावर ती पट्टी तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली यायला हवी. जुनं इंजिन घेताना तर हे माप स्वतः घ्याच, विकणाऱ्याच्या तोंडी हिशेबावर राहू नका.

गैरसमज ३ : दोन-चार इंच आखूड असला तरी चालतं.

वस्तुस्थिती : रिकाम्या होडीत, शांत पाण्यावर चालल्यासारखं वाटतं. पण होडी काठाला लागत आली, माणसं उतरायला म्हणून पुढे सरकली, की मागची बाजू उचलली जाते. पट्टी पाण्याबाहेर येते आणि पंखा वरची हवा ओढतो. इंजिनाचा आवाज एकदम चढतो, फेस उडतो, होडी मात्र जागची हलत नाही. इंजिन थंड ठेवणारं पाणी आत घेणाऱ्या जाळ्याही त्या पट्टीच्या खालीच असतात. तिथे हवा शिरली की इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार तुटक होते, पंपातलं रबरी चक्र कोरडं फिरून खराब होतं आणि इंजिन तापतं. वाऱ्याने लाटा उठल्या असतील तर हेच पुन्हा पुन्हा घडतं.

गैरसमज ४ : मग लांबच घ्यावा, तो सुरक्षित.

वस्तुस्थिती : गरजेपेक्षा लांब शाफ्ट पाण्यात खोल ओढत जातो. वेग कमी होतो, पेट्रोल जास्त लागतं, मागून पाणी उडतं, वळताना होडी जड वाटते. आपल्या धरणांत तर आणखी एक धोका आहे. १९२८ साली पूर्ण झालेल्या भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी शेतीला जातं आणि उन्हाळ्यात पातळी खूप उतरते. कांबरे गावाजवळचं कांबरेश्वराचं मंदिर एरवी पाण्याखाली असतं आणि तेव्हाच उघडं पडतं. पाणी उतरताना जुनी बांधकामं, बांध, झाडांचे बुंधे आधी पृष्ठभागाच्या जवळ येतात आणि मग दिसू लागतात. पाच इंच जास्त खाली गेलेला पंखा त्यांना आधी लागतो.

गैरसमज ५ : हॉर्सपॉवर वाढली की शाफ्टही लांब लागतो.

वस्तुस्थिती : अनेक इंजिनं एकाच ताकदीत आखूड आणि लांब अशा दोन्ही शाफ्टमध्ये मिळतात. ताकद ठरवायची होडीचं वजन आणि तिची क्षमता पाहून, लांबी ठरवायची फळी पाहून. दोन्ही निर्णय वेगवेगळे आहेत.

गैरसमज ६ : माप चुकलं तर फळी कापून घेता येते.

वस्तुस्थिती : हा उपाय सर्वांत घातक. फळी कापली की पाणी आत यायला वाट खाली येते. होडी एकदम थांबवली तर तिने उठवलेली लाट मागून येऊन आदळते, आणि इंजिनाच्या वजनाने मागची बाजू आधीच खाली गेलेली असते. इंजिन थोडं वर घ्यायचं असेल तर फळीची उंची पक्क्या लाकडाने, बोल्टने आवळून वाढवता येते. सुटा ठोकळा ठेवून त्यावर इंजिन कसणं धोक्याचं.

होडी दोन्ही टोकांना निमुळती असेल तर इंजिन बाजूच्या ब्रॅकेटवर बसतं. तिथे तळाशी नव्हे, पाण्याच्या पातळीशी हिशेब करावा लागतो. माणसं पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलली तरी पट्टी पाण्याखालीच राहिली पाहिजे. म्हणून ब्रॅकेट वर-खाली करता येणारा घ्यावा.

इंजिन बघायला जाण्याआधी फळीचं माप कागदावर लिहून न्या. बसवल्यावर पहिली चाचणी काठाजवळ, नेहमीइतकं वजन भरून घ्या. पट्टी आणि पाण्याची धार, दोन्हींवर नजर ठेवा. इंजिनाला सुरक्षा साखळी, चालवणाऱ्याच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी आणि प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय काठ सोडू नका. त्या होडीत शाळेची मुलं बसणार आहेत, बाळंतपणाला निघालेली सून बसणार आहे. दुकानात टेप लावायला लागणारी दोन मिनिटं त्यांच्यासाठी द्यायलाच हवीत.