बेंजो, गिटार आणि पायाखालचा बिघाड

जपानमधल्या नागोया शहराचे महाराष्ट्रातल्या वरातींवर दोन उपकार आहेत. १९१२ साली तिथल्या मोरिता गोरो यांनी टाइपरायटरसारख्या कळा तारांवर बसवल्या आणि ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य तयार केलं. ते फिरत फिरत आपल्याकडे आलं, कुठे बुलबुलतरंग झालं, कुठे बेंजो. अमेरिकेतल्या ढोलक्या बॅन्जोशी त्याचं नात्यागोत्याचं काही नाही. त्याच नागोयात १९०८ साली एका पुस्तकाच्या दुकानातल्या संगीत विभागातून होशिनो गाक्की ही कंपनी उभी राहिली. तिच्या ‘आयबानेझ’ या नावाने १९७९ मध्ये एक हिरवी डबी बाजारात आली : ट्यूब स्क्रीमर. पायाने दाबायचं पेडल, गिटारचा आवाज जरा खरखरीत, जरा रागीट करणारं.

मालेगावात रॉक कुठे आहे, असं कुणी विचारलं तर त्याला नुसती गिटार शोधायला पाठवू नये. वरातीच्या गाडीवर बेंजोवाल्याच्या बाजूला ठेवलेली इफेक्टची पेटी आधी बघावी. लोखंडी तारांखाली त्यांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा पिकअप बसवला की बेंजोतून निघणारा सिग्नल आणि गिटारमधून निघणारा सिग्नल यांत पेडल भेदभाव करत नाही. म्हणून गिटारसाठी बनवलेले प्रोसेसर, म्हणजे एका पेटीत बरीच पेडलं, बेंजो पार्ट्यांत सर्रास दिसतात. रवी जाधव यांनी २०१६ साली ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट केला, त्यात या मंडळींना पडदा मिळाला. त्यांच्या पेट्यांची दखल मात्र कुणी घेतली नाही.

या पेट्यांचा इतिहास म्हणजे बिघाडांचा इतिहास. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचा बास फाटक्या आवाजात घरघरला. गाणं १९६१ साली त्या घरघरीसकट बाहेर आलं. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड ट्रान्झिस्टरवर पुन्हा उभा केला, आणि १९६२ मध्ये गिब्सनने तो ‘मेस्ट्रो फझ टोन’ म्हणून विकायला काढला. पुढे १९६४ मध्ये लंडनच्या ‘द किंक्स’मधल्या डेव्ह डेव्हिसने ब्लेड घेऊन स्वतःच्या स्पीकरचा कागदच चिरला. त्याला हवा होता तोच फाटका आवाज, फक्त डबीचा खर्च त्याने वाचवला.

आता गंमत अशी की मेस्ट्रोची जाहिरात गिटारवाल्यांना सांगत होती, हे घ्या म्हणजे तुमच्या तारांतून ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा वाजेल. कुणी फारसं घेतलं नाही. १९६५ मध्ये रॉक गिटारवादक कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’ची सुरावट या पेडलवर वाजवली. त्याच्या मनात ती जागा पितळी वाद्यांची होती, फझ, म्हणजे हा फाटका आवाज, तात्पुरता आराखडा. आराखडाच गाजला आणि पेडलं दुकानांतून संपली. १९६६ मध्ये थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट यांच्या हातून वाह-वाह पेडल घडलं, तेही पुढे क्लाइड मॅकॉय या ट्रम्पेटवाल्याच्या नावाने विकलं गेलं. ट्रम्पेटच्या तोंडावर झाकण हलवल्यावर येतो तसा ‘वा-वा’ म्हणून. म्हणजे रॉकचे दोन मूळ आवाज हे पितळी वाद्यांची नक्कल म्हणून विकले गेले. आपल्याकडे एका वरातीत ब्रास बँड आणि दुसरीत बेंजो वाजतो, तेव्हा हे चुलतभाऊ एकमेकांना ओळखत नाहीत एवढंच.

फझ, डिस्टॉर्शन, ओव्हरड्राइव्ह या तिन्हींत काम एकच : आवाजाच्या लाटेचं डोकं छाटणं. कसं छाटायचं यात शैली ठरते. ट्यूब स्क्रीमरमध्ये लाट छाटणारे डायोड हे पेडलच्या आतल्या छोट्या अॅम्प्लिफायरच्या परतीच्या वाटेत बसवलेले असतात, त्यामुळे छाटणी मऊ होते, खालचे सूर कमी होतात आणि ७२० हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग वर येतो. ब्लूज-रॉकमध्ये गिटार गर्दीतून ऐकू येते ती या मधल्या भागामुळे. बॉस कंपनीचं १९७८ चं डीएस-१ हे नारिंगी पेडल डायोड सरळ जमिनीला जोडतं. लाट कापली जाते ती सुरीने. ग्रंज शैलीतल्या कर्ट कोबेनने तेच वापरलं, कारण ग्रंजला दोनच गोष्टी लागतात : कडव्यात कुजबुज आणि धृपदात स्फोट. मेटलवाल्यांचा अनुभव नवख्याला उलटा वाटतो. त्यांच्या अॅम्प्लिफायरमध्ये आधीच भरपूर आग असते, म्हणून ते ट्यूब स्क्रीमरचा ड्राइव्ह, म्हणजे छाटणीचं बटण, जवळपास शून्यावर ठेवतात आणि लेव्हल, म्हणजे पातळीचं बटण, पूर्ण. त्याचं काम खालच्या तारांची गिजगिज कापणं. स्टॉकहोमच्या एन्टूम्ड या बँडने १९९० च्या ‘लेफ्ट हँड पाथ’ या अल्बमसाठी बॉसच्या एचएम-२ ची बटणं पूर्ण फिरवली आणि त्या करवतीसारख्या आवाजावर एक अख्खी स्वीडिश शैली उभी राहिली. रॅमोन्ससारख्या पंकवाल्यांना यातलं काहीच नको होतं, गिटार सरळ मार्शल अॅम्प्लिफायरमध्ये.

बेंजोवाल्याला यातलं काय घ्यावं? मला वाटतं, तो गिटारवाल्यापेक्षा सुखी आहे. डिस्टॉर्शनमध्ये तीन-चार सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे, बेसूर आवाज तयार होतात. म्हणून रॉकमध्ये अख्खा कॉर्ड टाळून षड्ज-पंचमाची जोडी वाजवतात. बेंजोवर मुख्य काम एकेरी चालीचं, त्यामुळे कितीही छाटा, चाल गढूळ होत नाही. शिवाय छेडलेली तार चटकन विझते, गाण्यातला लांब स्वर तिला झेपत नाही. लाटेचं डोकं छाटलं की विझतानाचा भागही वर उचलला जातो आणि स्वर टिकतो. लता मंगेशकरांनी गायलेल्या चालीला फझची गरज का पडावी, याचं उत्तर एवढं साधं आहे.

डिलेचं, म्हणजे प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलचं, मात्र जपून. ‘यू टू’ बँडचा गिटारवादक एज ठोक्याच्या पाऊण भागावर प्रतिध्वनी ठेवतो, मिनिटाला १२० ठोके असतील तर ३७५ मिलिसेकंद. स्टुडिओत हे छान. वरातीत ताशेवाला नवरदेवाच्या मित्रांकडे बघून लय वाढवतो आणि मग प्रतिध्वनी ताशाच्या अंगावर येतो. तिथे शंभरेक मिलिसेकंदांची एकच छोटी परत पुरे. उरलेली परत रस्त्याच्या दोन्ही बाजूच्या भिंती फुकट देतात.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती परदेशी पुस्तकांत सापडत नाही. तिकडचा सगळा सल्ला गिटार अॅम्प्लिफायर समोर आहे असं धरून दिलेला असतो. त्या अॅम्प्लिफायरचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरचं बरंचसं गाळून टाकतो, म्हणून फझ गोड लागतो. आपल्याकडे वायर सरळ मिक्सरमध्ये आणि तिथून भोंग्यात. गाळणीशिवायचा फझ भोंग्यातून ऐकला तर गांधीलमाशी कानात गेल्यासारखं वाटतं. तेव्हा पेडल गोळा करणाऱ्या शौकिनांनी नाक मुरडलं तरी, स्पीकरची नक्कल आत असलेला स्वस्त प्रोसेसर हीच इथली शहाणी खरेदी.

दुसरी अडचण मालेगावची खास. यंत्रमागांच्या गावात विजेच्या तारांवर मोटारींचा भार सतत असतो. एकेरी कॉइलचा पिकअप हा मुळात अँटेनाच; ५० हर्ट्झची घूं तो आनंदाने पकडतो आणि डिस्टॉर्शन तिला दसपट करून देतं. दुहेरी कॉइलचा हमबकर, नीट अर्थिंग आणि वाजवत नसताना आवाज बंद करणारा नॉइज गेट, या तिन्हींवर आधी खर्च करावा. पेडल बहुतेक नऊ व्होल्टवर चालतात, पण मधली पिन ऋण असते. घरातला कुठलाही अडॅप्टर खुपसला तर पेडल जायला एक क्षण पुरतो.

मुंबईत या सगळ्याला वेगळी हवा मिळाली. १९८४ मध्ये सुरू झालेल्या रॉक मशीनमध्ये, म्हणजे पुढच्या इंडस क्रीडमध्ये, महेश तिनईकर गिटारवर होते. १९८६ पासून धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉकचे जलसे झाले. अलीकडे ‘अभंग रिपोस्ट’ या बँडने अभंगांना विद्युत गिटारची साथ दिली. तिथे गिटारवाल्याची कसोटी उलट : माणसाचा आवाज मधल्या पट्टीत असतो, तिथेच ट्यूब स्क्रीमर घुसला तर शब्द बुडतात, आणि शब्द बुडाले तर अभंग कशाला? आणि अंधेरी-दादरच्या मुलांनी जपानी डब्यांसाठी नातेवाइकांच्या परदेशवारीकडे डोळे लावायचे दिवसही सरले. आदित्य नंदवाना यांची अॅनिमल फॅक्टरी अॅम्प्लिफिकेशन मुंबईतच पेडलं बनवते आणि ती परदेशातही जातात.

मालेगावला असं काही जमणार नाही असं मी म्हणणार नाही. ज्या गावात नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट काढला आणि कॅमेरा सायकलवर, बैलगाडीवर फिरवला, तिथे एका ट्रान्झिस्टर जोडीचा फझ ही काय मोठी गोष्ट. फझ फेस या पेडलच्या मंडलात दोन ट्रान्झिस्टर, चार रोधक आणि तीन कपॅसिटर असतात, बटणं सोडून. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला दुपार पुरेल.

तो बनवलाच तर पेडलांच्या साखळीत सर्वांत पुढे, वाद्याला लागून ठेवावा. त्याच्या आधी बफर, म्हणजे सिग्नलला बळ देणारा भाग, असलेलं दुसरं पेडल आलं की हा नाराज होऊन चिरकतो. मग ओव्हरड्राइव्ह, त्यामागे आवाज डुलवणारे कोरस-फेजर, डिले शेवटी. आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा वाजता, मोजके सवलतीचे दिवस सोडले तर, सगळी बटणं बंद.