मोटारसायकलवरून बंदराकाठी

श्रोतेहो, आपण सिन्नरकडची माणसे कोरड्या मुलखातली. पावसाळ्यात देवनदीला चार दिवस पाणी आले तरी पुलावर गर्दी करून पाहणारे आपण. समुद्राशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण जरा विचार करा. आपल्या बाजार समितीत लिलाव झालेला कांदा गोण्यांत भरतो, ट्रकवर चढतो आणि घाटाखाली उतरतो. पुढे तो जहाजावर चढून परदेशी जातो. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती ४ मे २०२४ पर्यंत उघडली नाही. तेव्हा बंदराचे दार लागले म्हणजे शिवारात काय होते, हे घरोघरी कळले. पण ते दार डोळ्यांनी कितीजणांनी पाहिले आहे?

शाळेतही तसेच होते. "मुंबई हे नैसर्गिक बंदर आहे" हे वाक्य गुरुजी सांगतात, मुले पाठ करतात आणि परीक्षेत मार्क मिळतो. पण नैसर्गिक म्हणजे काय हे विचारले तर वर्ग गप्प बसतो. म्हणून आज मी तुम्हांला मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसवून मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर नेणार आहे. कॅमेरा बरोबर घ्या. मोबाईलमधला असला तरी चालेल.

पहिला प्रश्न रस्त्याचा. आपल्याच तालुक्यात गोंद्याजवळून समृद्धी महामार्ग जातो, पण दुचाकीला त्यावर मज्जाव आहे. समुद्रावरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला, तोही दुचाकीला बंद. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. आपण जुन्या वाटेने जाऊ : सिन्नर, पांढुर्ली, घोटी, इगतपुरी, कसारा घाट, शहापूर, ठाणे. दोनशे किलोमीटरांच्या आतला हा रस्ता आहे. हेल्मेट घाला, घाटात ट्रकच्या मागे चिकटू नका आणि पहाटे अंधारात निघण्यापेक्षा आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा. झोपाळू डोळ्यांनी ना गाडी नीट चालते, ना फोटो नीट येतो.

आता असे पाहा. मुंबईचा पश्चिम किनारा उघड्या समुद्राकडे आहे. तिथे पावसाळ्यात लाटा धडका देतात. पूर्व बाजूचे पाणी मात्र मुंबई आणि समोरची मुख्य जमीन यांच्या कुशीत सापडलेले आहे. बाहेर वादळ असले तरी आत जहाज नांगर टाकून उभे राहू शकते. नैसर्गिक बंदर ते हेच. म्हणून फिरायला येणारे चौपाटीवर जातात आणि काम करणारी मुंबई पूर्वेला भेटते.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. इथे उधाणाच्या दिवशी पाणी बारा ते पंधरा फूट चढते आणि उतरते. मग जहाजात माल भरायचा कसा? जहाज कधी धक्क्याच्या वर, तर कधी खाली! यावर उपाय म्हणून दाराची गोदी बांधली. भरती आली की दार उघडायचे, जहाज आत घ्यायचे आणि दार लावून टाकायचे. बाहेर ओहोटी लागली तरी आतले पाणी तसेच राहते. आपण पाटाचे पाणी फळी टाकून अडवतो ना, त्यातलाच हा प्रकार, फक्त मोठा.

भरतीची वेळ काढायला कोकणात एक सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरतीचा तास मिळतो. आज दशमी असेल, तर दहाची पाऊणपट साडेसात. सकाळी आणि रात्री साडेसातच्या सुमारास भरती, आणि दुपारी दीडच्या सुमारास ओहोटी. थोडे इकडेतिकडे होते, पण अंदाज बसतो. उधाण अमावास्या-पौर्णिमेला, आणि अष्टमीच्या आसपास भांगाची मंद भरती. शिक्षक बंधुभगिनींनो, हे गणित फळ्यावर घालून पाहा. पंचांग, भूगोल आणि अपूर्णांक एकाच तासात होतात.

चला, दक्षिणेकडून सुरुवात करू. कुलाब्याला ससून डॉक. अल्बर्ट ससून यांनी तो बांधला आणि १८७५ साली तो खुला झाला. आपल्या मुलखातला कापूस परदेशी धाडण्याच्या त्या काळात तो बांधला गेला. आज तिथे मासळी उतरते. पहाटेच टोपल्या, बर्फ, हातगाड्या आणि लिलावाचा गलका सुरू होतो. आपला कांद्याचा लिलाव पाहिलेल्या माणसाला तिथे परके वाटत नाही. बोली बोलायची पद्धत निराळी, पण विकणाऱ्याच्या चेहऱ्यावरची काळजी तीच. जून आणि जुलै हे दोन महिने मात्र यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा जाऊ नका. गाडी बाहेरच लावा. माशांच्या पाण्याने जमीन इतकी निसरडी असते की चाक कधी सरकले ते कळत नाही.

पुढे नौदलाची गोदी लागते. तिथे कॅमेरा पिशवीत घालून बंद. भिंतीचासुद्धा फोटो नको. पण एवढे लक्षात ठेवा की याच किनाऱ्यावर वाडिया घराण्याने सागवानी जहाजे बांधली. त्यांतले १८१७ सालचे 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे जपून ठेवलेले आहे.

मग पी. डिमेलो रस्ता. गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो यांचे नाव त्याला दिले आहे. उजव्या हाताला बंदराची लांबच लांब भिंत. तिच्या आत १८८० साली प्रिन्सेस डॉक, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक झाला. अलेक्झांड्रा डॉकला आता इंदिरा डॉक म्हणतात. पहिल्या दोन गोद्या बुजवून टाकल्या आहेत.

त्या व्हिक्टोरिया डॉकमध्येच १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज उभे होते. पोटात कापसाच्या गाठी, आणि त्यांच्याजवळच सुमारे चौदाशे टन दारूगोळा. दुपारी कापसातून धूर निघाला. अग्निशामक दलाची माणसे पाणी मारीत राहिली, मागे हटली नाहीत. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे गेली, त्यांत दलाचे सहासष्ट जवान होते. आपल्या शाळांतून १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात, तो याच दिवसाची आठवण म्हणून. कापूस आणि दारूगोळा शेजारी ठेवू नये, हे साधे वाटणारे शहाणपण किती महाग मिळाले पाहा!

आणखी उत्तरेला भाऊचा धक्का. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. मूळचा धक्का त्यांनी बांधला. आजचा धक्का नव्या जागी आहे, नाव मात्र त्यांचेच चालते. इथून मोरा-रेवसकडे लाँची सुटतात. २०२० पासून मांडव्याला जाणारी मोठी बोटही सुरू झाली आहे. तिच्या पोटात आपली मोटारसायकलसुद्धा चढते! त्यापुढे दारूखाना. जुनी जहाजे चिखलात ओढून मोडण्याचे काम तिथे वर्षानुवर्षे चालत आले. मग शिवडी. थंडीत तिथल्या चिखलात रोहित पक्षी उतरतात. एका बाजूला गुलाबी थवा आणि डोक्यावर अटल सेतू.

मोटारसायकलचा उपयोग इथेच कळतो. तिच्यावरून हळू जाता येते, बोळात वळता येते, पाहिजे तिथे थांबता येते. पण जपून. रस्त्यात जुने रूळ लागले, तर ते तिरपे ओलांडू नका. चाक खोबणीत अडकते. काटकोनात, सरळ ओलांडा. अवजड ट्रकच्या अगदी शेजारी राहू नका. चालवणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. आणि चालत्या गाडीवरून फोटो? तो विचारही नको.

फोटोविषयी दोन शब्द. हा किनारा पूर्वेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाण्यावरून समोर येतो, म्हणून माणसे आणि डोलकाठ्या काळ्या आकृतींसारख्या दिसतात. दुपार कलल्यावर ऊन तुमच्या पाठीमागून जहाजावर पडते, तेव्हा रंग आणि दोरखंड स्पष्ट येतात. बंदराच्या हद्दीत परवानगीवाचून फोटो काढू नका. नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रमार्गेच मुंबईत उतरले होते, हे विसरून चालणार नाही. पहाऱ्यावरचा माणूस हटकतो, ते त्याचे काम आहे. सार्वजनिक रस्त्यावरून, फलक वाचून आणि विचारून काढलेले फोटो पुष्कळ होतात.

माणसांच्या बाबतीत तर विचारणे अधिकच जरूर. मी स्वतः एकदा चुकलो. कोळंबी सोलणाऱ्या एका बाईंचा फोटो मी न विचारताच काढला. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "दादा, माझे हात दिसले, नाव नाही विचारलंस?" मी खाली मान घातली. नाव विचारले, क्षमा मागितली आणि पुढच्या खेपेस छापलेला फोटो नेऊन दिला. त्या दिवसापासून आधी बोलणे, मग कॅमेरा, असा नेम ठेवला आहे.

श्रोतेहो, हे फोटो कशासाठी काढायचे? पाठीवर गोणी घेऊन फळीवरून चढणाऱ्या माथाड्यांच्या रांगा एके काळी या गोद्यांत होत्या. मग लोखंडी पेट्या आल्या, म्हणजे ज्याला आपण कंटेनर म्हणतो तो. १९८९ साली समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. आपला कांदाही आज तिथूनच जातो. शंभर माणसांचे काम एक क्रेन करू लागली. त्या शंभरांनी पाठीवर गादी कशी बांधली, आकडा कसा धरला, हाळी कशी दिली, हे कोणी टिपून ठेवले नसेल तर ते गेलेच. मुंबईत १८५४ सालीच छायाचित्रकारांची संस्था निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नामांकित छायाचित्रकार. म्हणजे कॅमेरा आपल्याकडे जुनाच आहे. तो कामकऱ्याकडे किती वेळा वळला, हा प्रश्न आहे.

तोच प्रश्न घरी परतल्यावर आपल्यालाही विचारावा. सिन्नरात विड्या वळणाऱ्या आयाबहिणींची बोटे किती भरभर चालतात! ते सूप, ती कात्री, तो पत्र्याचा साचा, कांद्याची चाळ, गोणी शिवायचा दाभण, यांचे फोटो कोणाच्या शाळेत आहेत? गुरुजी, बाई, एक वही घाला. मुलांना फोटो काढू द्या. खाली तारीख, गाव, अवजाराचे नाव आणि माणसाने परवानगी दिली असेल तर त्याचेही नाव लिहायला सांगा. आणि एक प्रत त्या माणसाला घरी नेऊन द्यायला विसरू नका.

पुढच्या वेळी कांद्याचा ट्रक घाटाकडे वळताना दिसला की तो कुठे जातो हे मुलांना विचारा. "मुंबईला" एवढ्यावर थांबू नका. धक्का, भरती, पेटी, क्रेन आणि ती चालवणारा माणूस, इथपर्यंत त्यांना घेऊन जा.