बालरक्षणाचा कायदा आणि प्रौढांची वाणी

ज्याच्या हेतूविषयी कोणाच्याही मनात किंतु नव्हता, असा कायदाही न्यायासनापुढे कसा कोसळू शकतो, याचे ठळक उदाहरण अमेरिकेत सापडते. इंटरनेटवरून अल्पवयीनांच्या दृष्टीस जाणूनबुजून ‘असभ्य’ मजकूर पडू देणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद तेथील काँग्रेसने १९९६ साली केली. परंतु असभ्यतेची व्याख्याच संदिग्ध असल्यामुळे, आणि वाचकाचे वय ओळखण्याचे खात्रीलायक साधन त्या काळी नसल्यामुळे, एड्सविषयी निकडीची माहिती देणाराही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहील, अशी रास्त धास्ती होती. १९९७ साली, या कायद्याविरुद्धच्या ‘रेनो’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती कलमे रद्दबातल ठरविली. मुलांच्या रक्षणास्तव प्रौढांची वाणी बालबोध करता येणार नाही, हा न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या निकालपत्राचा मथितार्थ. (बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रांना हे संरक्षण नव्हतेच, आणि नसावेच.)

२०२५ साली मात्र त्याच न्यायालयाने, अश्लील संकेतस्थळांनी वयाचा दाखला मागावा, हा टेक्सासचा कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी ग्राह्य धरला. खरी मेख मला निराळीच दिसते: दाखल्यापोटी प्रौढाने आपले नावगाव कोणाच्या दप्तरी नोंदवायचे, आणि ते दप्तर फुटल्यास दाद कोणाकडे मागायची?