सांगितले, पण समजले का?



वर्षावासात आपल्या विहारांतून ग्रंथवाचन चालते. त्याच दिवसांत ओल, चुलीचा धूर आणि सर्दी-खोकला यांनी लहान बाळे बेजार होतात. मागच्या पावसाळ्यात लोधिवलीत वाचनानंतर आम्ही तासभर न्यूमोनियावर बोललो. जंतूंची नावे सांगितली, फुप्फुसाचा तक्ता दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी एका आजींना विचारले, "रात्री नातवाला धाप लागली तर काय बघाल?" त्या म्हणाल्या, "बाई, सांगितलंत छान. पण बघायचं काय, ते कुठं सांगितलंत?"

चूक आमची होती. "यांना कितीही सांगा, कळतच नाही," हे वाक्य दवाखान्यांत आपल्या लोकांबद्दल सर्रास बोलले जाते. पण विज्ञान लोकांपर्यंत कसे पोचते याचा अभ्यास करणारे वेगळेच सांगतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ साली या विषयावरच्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. लोक म्हणजे रिकामे मडके, त्यात माहिती ओतली की काम झाले, ही समजूत त्यात चुकीची ठरवली आहे. माणूस नवी गोष्ट आपल्या अनुभवाशी ताडून बघतो, सांगणाऱ्यावर विश्वास बसतो का ते पाहतो आणि मगच स्वीकारतो.

याचा उत्तम दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथे न्यूमोनियाने बाळे दगावत होती आणि डॉक्टर लांब होते. गावातल्या सुईणींना बाळाचा श्वास मोजायला शिकवायचे होते, पण अनेकींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. सुईणींना 'अडाणी' म्हणून बाजूला सारले नाही. साधनच बदलले. एक मिनिटाची वाळूची घडी आणि मणी असलेले श्वासमापक तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेला मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोलीच्या या कामाचा निष्कर्ष आला: गावातल्याच माणसांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिले, तेव्हा त्याने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत जवळजवळ निम्मे झाले. पुढे नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचे गडचिरोलीचे काम देशाने स्वीकारले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, ते त्यातूनच.

म्हणून यंदा आम्ही तक्ता घरी ठेवला आणि एकच गोष्ट शिकवली. तुम्हीही शिका.

बाळाला खोकला असेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर ते शांत असताना कपडा वर करा. ते रडत किंवा दूध पीत असताना मोजू नका. मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावा. पोट एकदा वर आले की एक श्वास.

दोन महिन्यांच्या आतले बाळ: ६० किंवा जास्त.
दोन महिने ते एक वर्ष: ५० किंवा जास्त.
एक ते पाच वर्षे: ४० किंवा जास्त.

एवढे श्वास भरले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे पुन्हा एकदा मोजा. तितकेच भरले तर तासभरही थांबू नका. श्वास घेताना छाती आत ओढली जाते, बाळ पीत नाही, सुस्त पडते, झटके येतात किंवा ओठ निळे पडतात, तर मोजत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा. चौकला न्यायचे की पनवेलला, या चर्चेत रात्र घालवू नका. धुरी, पोटावर चटके, मागच्या वेळची उरलेली बाटली, यातले काहीही करू नका.

हे शेजारणीला सांगाल तेव्हा आधी तिला काय वाटते ते ऐका. तिच्याच शब्दांत बोला. मग म्हणा, "मी नीट सांगितलं का बघते. आता तू करून दाखव." तिला जमले नाही, तर आपण पुन्हा सांगायचे. दवाखान्यातही असेच करा: "डॉक्टर, औषध कसं द्यायचं ते मी परत सांगते, बरोबर आहे का बघा." यात लाज कसली? समजून घेणे हा आपला हक्क आहे.

भगवान बुद्धांनी धम्म लोकांच्या बोलीत सांगितला. ऐकीव म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असेही त्यांनी सांगितले. धम्मवंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो. म्हणजे या आणि स्वतः पाहा.

यंदा त्याच आजींनी नातवाचे श्वास मोजले. त्रेपन्न भरले. बाळ आठ महिन्यांचे. त्या कुणाला विचारत बसल्या नाहीत, सुनेला घेऊन रिक्षाने दवाखान्यात गेल्या. बाळाला वेळेवर औषध मिळाले. आता विहारात नव्या आयांना श्वास मोजायला त्याच शिकवतात.