मुळे कोणाची? अमेरिकी रूट्स संगीताचे २०२४ हे वर्ष

मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या नॅशव्हिल शहरावर मध्यरात्रीनंतर टोर्नेडो कोसळला. शहराच्या पूर्व भागातील ‘वुडलँड’ या जुन्या ध्वनिमुद्रण स्टुडिओचे छत उडाले. स्टुडिओचे मालक असलेल्या गायिका गिलियन वेल्च आणि गिटारवादक डेव्हिड रॉलिंग्ज यांनी अंधारात, वरून पाऊस कोसळत असताना, वाद्ये आणि ध्वनिमुद्रणाच्या मूळ फिती बाहेर काढल्या. पुढे स्टुडिओची डागडुजी झाली आणि २३ ऑगस्ट २०२४ रोजी या दोघांचा दहा गाण्यांचा अल्बम प्रसिद्ध झाला. त्याचे नावही ‘वुडलँड’च. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट लोकसंगीत अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

याच स्टुडिओत १९७१ साली ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’ या तरुण, केसाळ रॉक वादकांनी मेबेल कार्टर, रॉय एकफ, डॉक वॉटसन अशा बुजुर्गांना एकत्र बसवून ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’ हा अल्बम मुद्रित केला होता. दोन पिढ्यांतील अबोला मिटवणारा अल्बम म्हणून तो ओळखला जातो. रूट्स संगीताच्या दृष्टीने वादळातून वाचलेली ती वास्तू साधी इमारत नव्हती.

‘रूट्स’ म्हणजे मुळे. ॲपलेशियन डोंगराळ भागातील लोकगीते, कृष्णवर्णीयांचे ब्लूज आणि चर्चमधील गॉस्पेल, दक्षिणेकडील कंट्री संगीत या सर्वांना मिळून हा शब्द वापरला जातो. या मुळांवर वाढलेल्या, पण कंट्रीच्या बाजारपेठेत न बसणाऱ्या आजच्या गाण्यांना ‘अमेरिकाना’ म्हणतात. ग्रॅमीमध्ये त्यासाठी २०१० पासून अल्बमचा स्वतंत्र विभाग आहे. नावे कितीही असली तरी प्रश्न जुनाच राहतो : ही मुळे कोणाची आणि ती जपायची कोणी? २०२४ मधील रूट्स आणि रॉक अल्बमांची निवडक यादी करू पाहणाऱ्या रसिकाला या प्रश्नाला बगल देता येणार नाही.

त्या वर्षातील एकच दिवस अर्धी यादी भरून टाकतो. २२ मार्च रोजी तीन उल्लेखनीय अल्बम एकाच वेळी बाजारात आले. पश्चिम व्हर्जिनियाच्या सिएरा फेरेल यांच्या ‘ट्रेल ऑफ फ्लॉवर्स’मध्ये जुन्या फिडलचा गोडवा आहे, या गायिकेने पुढे एकाच समारंभात चार ग्रॅमी पटकावले. एड्रियन लेंकर यांचा ‘ब्राइट फ्यूचर’ संगणकाऐवजी चुंबकीय फितीवर मुद्रित झाला असून त्यात खोलीचा श्वासही ऐकू येतो. तिसरा आणि बहुधा तिघांत सर्वाधिक काळ टिकणारा अल्बम म्हणजे ‘टायगर्स ब्लड’. अलाबामातील एका ओढ्यावरून ‘वॅक्साहॅची’ हे नाव घेणाऱ्या केटी क्रचफील्ड पूर्वी पंक बँडमध्ये गात असत. दक्षिणेचा हेल लपवण्याऐवजी त्याच हेलात गाण्याचा निर्णय त्यांनी २०२० च्या ‘सेंट क्लाउड’मध्ये घेतला होता, येथे तो पूर्ण फळास आला आहे. ‘राइट बॅक टू इट’ या गाण्यात बँजो मुळीच मिरवत नाही, शांतपणे चालीला धरून राहतो.

हा बँजो मराठी वाचकाने गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतील बँजोशी जोडू नये. कळांचे ते वाद्य जपानी तैशोगोतोच्या कुळातले आहे. अमेरिकी बँजोचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतील भोपळ्याची तंतुवाद्ये होत. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या हातून ते वाद्य कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत रुजले. पुढे गोऱ्या कलाकारांनी ते इतके आपलेसे केले की, विसाव्या शतकात ते गोऱ्या ग्रामीण संगीताचेच चिन्ह मानले जाऊ लागले.

म्हणूनच ११ फेब्रुवारी २०२४ रोजी ह्यूस्टनमध्ये जन्मलेल्या बियॉन्से यांचे ‘टेक्सास होल्ड देम’ प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याच्या आरंभीच वाजणाऱ्या बँजोला अर्थ होता. तो वाजवला होता रियानन गिडन्स यांनी. बँजोचा कृष्णवर्णीय इतिहास पुन्हा लोकांसमोर आणण्यासाठी या विदुषी कलावंताने अनेक वर्षे वेचली असून ‘ओमर’ या ऑपेरासाठी २०२३ चे पुलित्झर पारितोषिक त्यांना विभागून मिळाले आहे. बिलबोर्डच्या कंट्री गीतांच्या यादीत अग्रस्थानी पोहोचणाऱ्या बियॉन्से या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. २९ मार्च रोजी ‘काउबॉय कार्टर’ हा २७ घटकांचा अल्बम आला.

खरे तर तो लांबला आहे. उत्तरार्धात नृत्यसंगीताकडे वळताना त्याची वीण सैल होते आणि कंट्री अल्बम म्हणून तो ऐकणाऱ्याची पंचाईत होते. आपला अल्बम कंट्रीच्या चौकटीतला नाही, हे बियॉन्से यांनी आधीच सांगून ठेवले होते. तरीही त्याचे महत्त्व कमी होत नाही. त्यात लिंडा मार्टेल यांचा आवाज आहे. १९६९ मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’च्या मंचावर एकल गाणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला, १९७० चा ‘कलर मी कंट्री’ हा त्यांचा एकमेव अल्बम. संगीताच्या प्रकारांचे कप्पे कसे फसवे असतात, याविषयी त्या ‘काउबॉय कार्टर’मध्ये बोलतात. नंतर वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांना पहिले ग्रॅमी नामांकन मिळाले, तेही रॅप संगीताच्या विभागात. कप्प्यांविषयीचे त्यांचे म्हणणे याहून नेमके सिद्ध होणे अवघड होते.

संस्थांचा कौल दुभंगलेला राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने जाहीर केलेल्या नामांकनांत या अल्बमचा समावेश नव्हता. २ फेब्रुवारी २०२५ रोजी ग्रॅमीने त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बम आणि सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बम अशी दोन्ही पारितोषिके दिली. यांतील दुसरे यापूर्वी कोणत्याही कृष्णवर्णीय कलाकाराला मिळाले नव्हते. २०१९ मध्ये लिल नास एक्स यांचे ‘ओल्ड टाउन रोड’ कंट्रीचे पुरेसे घटक नसल्याच्या कारणाने बिलबोर्डने कंट्री यादीतून वगळले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या पाच-सहा वर्षांतील अंतर ध्यानात येते. त्या गाण्याच्या १९ आठवडे अग्रस्थानी राहण्याच्या विक्रमाशी २०२४ मध्ये बरोबरी केली, ती शबूझी या नायजेरियन वंशाच्या कंट्री गायकाने.

मुळे वंशाचीच असतात असे नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, प्वेर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबात वाढलेल्या अलिंडा सेगारा यांनी सतराव्या वर्षी घर सोडले आणि मालगाड्यांतून प्रवास करत न्यू ऑर्लिन्स गाठले. ‘हरे फॉर द रिफ रॅफ’ या नावाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला ‘द पास्ट इज स्टिल अलाइव्ह’ हा त्या भटकंतीचा गीतबद्ध वृत्तान्त आहे. मुद्रणाच्या सुमारे महिनाभर आधी सेगारा यांच्या वडिलांचे निधन झाले होते. अल्बमच्या अखेरीस फोनवर जतन झालेले त्यांचेच निरोप ऐकू येतात. वर्षभरातील सर्वांत हळवे ध्वनिमुद्रण हेच असावे, आणि त्यात गाणे नाही.

रॉकच्या बाजूने यादीत अटळ ठरणारे नाव एम. जे. लेंडरमन यांचे आहे. ‘टायगर्स ब्लड’मधील गिटार आणि साथीचा आवाज याच तरुणाचा. त्यांचा ‘मॅनिंग फायरवर्क्स’ ६ सप्टेंबरला आला. नील यंग यांच्या वळणाची खरखरीत गिटार आणि हरलेल्या, थोड्या हास्यास्पद पुरुषांच्या कथा ही त्याची ओळख. मध्येच पेडल स्टीलचा मींडयुक्त सूर येतो, जो हिंदी चित्रपटगीतांतील हवाईयन गिटारमुळे येथील कानांना परका वाटू नये. शेवटचे गाणे दहा मिनिटांचे असून त्याचा मोठा भाग केवळ गुंजारवाचा आहे. काहींना तो कंटाळवाणा वाटेल.

हा अल्बम उत्तर कॅरोलिनातील ॲशव्हिल येथे मुद्रित झाला होता. प्रकाशनानंतर तीनच आठवड्यांत, सप्टेंबरच्या अखेरीस, हेलीन चक्रीवादळाच्या पुराने ॲशव्हिल आणि परिसर उद्ध्वस्त केला. ऑक्टोबरमध्ये मदतनिधीसाठी ‘कार्डिनल्स ॲट द विंडो’ हा संग्रह निघाला. अनेक कलाकारांची १३० हून अधिक अप्रकाशित ध्वनिमुद्रणे त्यात आहेत आणि लेंडरमन यांचेही त्यात योगदान आहे.