रुग्णाजवळ बसणाऱ्यांनी पुढारपण शिकावे!

पुढारी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कडक इस्त्रीचा सदरा, गळ्यात हार आणि पुढ्यात माईक येतो. आम्ही आज ज्या पुढारपणाविषयी लिहीत आहोत, त्याला हारही नाही आणि माईकही नाही. ते पुढारपण आहे मनोरुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या कक्षसेवकाचे, विशेष शाळेत लेकरांना घास भरवणाऱ्या मावशीचे आणि वही घेऊन घरोघर फिरणाऱ्या आशाताईचे. ही माणसे परकी नाहीत. आपल्याच वस्तीतल्या लेकी-सुना, भाऊ-बहिणी ही कामे करतात. म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे.

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा, आणि शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर नाव गेलेला. कर्ज, नापिकी, घरातले आजारपण, दारू अशा अनेक कारणांनी माणूस आतून खचत जातो, हे सरकारलाही मान्य करावे लागले. २०१५ मध्ये राज्यातील चौदा जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला, त्यात यवतमाळ होते. त्याच वर्षी यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत 'बळीराजा चेतना अभियान' आले. प्रेरणा प्रकल्पात गावपातळीवरचे काम आशाताईंकडे दिले गेले. घरी जायचे, झोप लागते का, जेवण जाते का, कामात मन लागते का, जगणे नकोसे वाटते का, असे विचारायचे. ज्याची लक्षणे गंभीर, त्याला समुपदेशकाकडे, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे.

म्हणजे पाहा, कोण खचले आहे हे डॉक्टरच्या आधी आशाताईला कळते. पण तिला वरून विचारले काय जाते? "किती फॉर्म भरले?" "बाई, तुम्हाला काय दिसले?" असे विचारणारा क्वचितच भेटतो. ज्या घरी ती चार वेळा जाऊन आली, त्याच घरी घात झाला, तर तिच्या मनाचे काय होते, याचा रकाना कुठल्या फॉर्मात आहे? डोळे तिचे, पाय तिचे. निर्णय मात्र दुसऱ्याचा. आमचा मुद्दा इथूनच सुरू होतो.

कोणी म्हणेल, एवढ्या नाजूक कामात साध्या शिकलेल्या माणसांना पुढे कसे करायचे? त्याचे उत्तर आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मिळते. तिथे तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातलेच आरोग्य कार्यकर्ते आणि तालीम दिलेले समुपदेशक पुढे होते, मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी होते. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांपैकी चार-पाच जणच कुठली तरी मदत घेत होते. दीड वर्षात हा आकडा सत्तावीसवर गेला. औषध नवे नव्हते. दार ठोठावणारे माणूस ओळखीचे होते, एवढाच फरक.

दुसरे उदाहरण गोव्याचे. तिथल्या 'संगात' या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केले. संस्था तिथे थांबली नाही. रुग्णाच्या परवानगीने झालेल्या बोलण्याची ध्वनिफीत समुपदेशकांच्या गटाने एकत्र बसून ऐकायची, ठरलेल्या तक्त्यावर गुण द्यायचे आणि बैठक तज्ज्ञाऐवजी त्यांच्यातल्याच एकाने चालवायची, अशी पद्धत त्यांनी बसवली. आधी तज्ज्ञ शेजारी बसत, पुढे गट स्वतःच्या पायावर उभा राहिला. पुढारपण जन्मजात नसते, ते सरावाने येते, याला आणखी कोणता पुरावा हवा?

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळा आणि वसतिगृहे यांचेही तेच. पूर्वी या मुलांना सरसकट 'मतिमंद' म्हणून मोकळे होत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे सातऐवजी एकवीस प्रकार मानले. वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलांची अध्ययन अक्षमताही त्यात आली. विशेष शिक्षकाला प्रशिक्षण आणि नोंदणी लागते, ते योग्यच आहे. पण ज्या मुलाला बोलता येत नाही, त्याने दोन दिवस ताट सरकवले, तर ते हट्टाने की दाढ दुखते म्हणून, हे प्रथम भरवणाऱ्या मावशीला कळते. अंगावरचा वळ अंघोळ घालणाऱ्याला दिसतो. तिने तोंड उघडावे आणि तिचे ऐकले जावे, यावर त्या लेकराची सुरक्षितता अवलंबून असते.

तोंड न उघडण्याची किंमत देशाने मोजली आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडाने बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आले नाही. अठ्ठावीस जीव गेले. आज २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. कोणत्याही रूपात साखळीने बांधण्यास त्याने बंदी केली आहे. तात्काळ धोका टाळण्याचा दुसरा इलाजच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीने आणि नोंद करून रुग्णाला आवरता येते. शिक्षा म्हणून नाही आणि माणसे कमी आहेत म्हणूनही नाही. किती मोलाचे कलम आहे! पण रात्री दोन वाजता हे कलम अमलात आणणार कोण? पाळीवर असलेला कक्षसेवक. त्यालाच ते कोणी समजावून सांगितले नसेल तर कायदा कपाटात राहतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात पुढारपणाचे चार धडे असलेच पाहिजेत.

पहिला, नोंद ठेवणे. तारीख, वेळ, काय पाहिले, कोणाला कळवले. कारकुनी करणारे आम्ही अनुभवाने सांगतो, तोंडी तक्रार हवेत विरते, लिहिलेली तक्रार उत्तर मागते.

दुसरा, वरिष्ठांपुढे नम्रपणे पण ठामपणे बोलणे. "साहेब, हे बरोबर नाही" हे वाक्यसुद्धा सरावाने जमते.

तिसरा, बैठक चालवणे. महिन्यातून एकदा गटप्रवर्तक आणि आशाताईंनी, किंवा कक्षातल्या सर्वांनी बसावे. आकडे बाजूला ठेवून माणसांविषयी बोलावे.

चौथा, सोबत्याची काळजी घेणे. दुसऱ्यांचे दुःख वाहणाऱ्याचाही खांदा दुखतो. नव्या मुलीला सांभाळून घेणारी जुनी मावशी हीच खरी पुढारी.

मात्र रिकाम्या पोटावर पुढारपणाचे ओझे टाकू नये. आशाताई मानधनावर काम करतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यभरातील आशा व गटप्रवर्तकांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. जबाबदारी वाढवायची तर मोबदला, सुट्टी आणि सन्मानही वाढला पाहिजे. नाहीतर त्याला नेतृत्व विकास म्हणता येणार नाही, ती वेठबिगारी होईल.

वाचकहो, आपण काय करू शकतो? आशाताई दारात आली तर तिला ओट्यावरून परत पाठवू नका. आत बोलवा, खरे सांगा. ग्रामसभेत व गावच्या आरोग्य समितीत तिला बोलू द्या. घरातले माणूस रुग्णालयात किंवा विशेष शाळेत असेल तर डॉक्टर-मुख्याध्यापकांबरोबर कक्षसेवकाला, मावशीलाही भेटा, त्यांचे नाव घेऊन विचारा. घरात कोणी खचले असेल तर १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर फोन करा. २०२२ पासून ही सेवा मोफत असून चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येते.

शिकण्याची आणि एकजुटीची किंमत आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. तीच शिदोरी या कामगार भगिनी-बंधूंच्या हाती द्यायची आहे. आपली लेक या कामात असेल तर आज रात्री जेवताना तिला एवढेच विचारा, "आज तुला काय दिसले?" आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.