गाणे पुढे, ओठ मागे!

प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली, त्या सुमारास बोलपटांतील नट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात. वादक आडोशाला बसत. पुढे गाणे आधी ध्वनिमुद्रित करून, ते वाजवीत ओठ हलवण्याची रीत रूढ झाली. शाळेच्या गाण्याची चित्रफीत तुम्हीही अशीच कराल.

समजा, कर्णा कॅमेऱ्याजवळ आहे आणि गायिका मैदानात २७ मीटर दूर. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे सूर तिच्यापर्यंत पोचायला ०.०८ सेकंद लागतात. सेकंदाला २५ चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यात तेवढ्यात दोन चित्रे निघून जातात! ओठ तितकेच मागे पडतात. म्हणून कर्णा तिच्या पायाशीच ठेवा. मूळ गाणे चित्राला जोडताना शब्दांतले ‘प’, ‘ब’, ‘म’ शोधा. ही ओष्ठ्य अक्षरे ओठ मिटल्याशिवाय उच्चारताच येत नाहीत. (आरशात पाहा!) मिटलेल्या ओठांचे चित्र आणि तो ध्वनी एकत्र आणा.

राहिले भित्तिपत्रक. पडद्यावरचे रंग लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचे असतात; कागदावरची शाई मात्र प्रकाश शोषून रंग दाखवते. पडद्यावरचा झगझगीत निळा छापल्यावर बहुधा मंदावतो. तेव्हा गायिकेच्या पोशाखाचा रंग ठरवण्यापूर्वी त्याचा एक ठिपका छापून पाहा.